आक्का, हे आभार जाहीरच मानायचे आहेत

प्रिय आक्का,

सप्रेम नमस्कार.

हल्ली संस्थांच्या बैठकांत मला विचारतात, "तुमचं छोट्या-मोठ्या संस्थांचं नेटवर्क फुटलं कसं नाही?" उत्तर द्यायला मी उभी राहते आणि टाळ्याही मलाच पडतात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा, आपला एफसीआरए, बदलला. एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं उघडणं सक्तीचं झालं. एकट्यानं काम करणाऱ्या मोठ्या संस्थांना हा बराचसा कागदोपत्री ताप होता. वरून निधी घेऊन बीड, लातूर, धाराशिवच्या छोट्या संस्थांना देणाऱ्या आपल्यासारख्यांचं कामच थांबलं.

सल्लागारांनी स्लाइडवर सोपा मार्ग दाखवला: छोट्या संस्था सोडा, त्यांचे चांगले कार्यकर्ते मुख्य कार्यालयात घ्या, एकच मोठी संस्था व्हा. तक्ता दिसायला सुबक होता, हे मान्य.

तुम्ही कपाटातली जुनी प्रोसिडिंग बुकं काढायला लावलीत, निधी येण्याआधीच्या वर्षांची. एकेक ठराव मोठ्यानं वाचलात. एकल बायांची स्वतंत्र रेशनकार्डं, संजय गांधी निराधारचे अर्ज, सातबाऱ्यावर नाव, तलाठ्याकडचे हेलपाटे. खर्चाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एसटीचं भाडं आणि झेरॉक्स. "हे काम काही प्रोजेक्टचं नव्हतं बाई," एवढंच म्हणालात. तोवर बैठकीत सगळे पैशांवर बोलत होते. त्यानंतर कामावर बोलू लागले.

निधी वाटणं आपण सोडलं. प्रत्येक संस्थेनं आपापला पैसा उभा करायचा आणि नेटवर्कनं हिशेब, कायद्याचा सल्ला, प्रशिक्षण, मंत्रालयापर्यंतचा एकत्र पाठपुरावा बघायचा, असं ठरलं. त्यासाठी नेटवर्कची घटना दुरुस्त करताना "एक संस्था, एक मत" या कलमाला मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत. मोठ्या संस्थांना ते टोचलं, आजही टोचतं. टोचू दे.

ही दुरुस्ती मंजूर करायची सभा मार्चमध्ये घ्यावी असा आग्रह होता. तुम्ही अडवलंत, कारण तेव्हा आपल्या कितीतरी प्रतिनिधी बाया कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या फडात असतात. टोळ्या निघण्याआधीच सभा लागली. धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज गेला, त्याला जोडलेल्या हजेरीपटावर सह्यांइतकेच अंगठे होते.

आणि ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांना ईमेल काढू दिला नाहीत. माझ्यासोबत घरोघरी आलात. एकीनं तर पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही ओसरीवर बसून तिचं सगळं ऐकून घेतलंत, संस्थेची बाजू मांडत बसला नाहीत, आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब तिला आकड्यानिशी समजावूनच उठलात. मी एकटी गेले असते तर दारातूनच परत आले असते.

दोन संस्था तेव्हा बाहेर पडल्या. त्यातल्या एकीला आता परत यायचंय. त्यांचा अर्ज पुढच्या कार्यकारिणीत आहे आणि त्यावर मतं दोन्ही बाजूंनी आहेत. तुम्ही हव्यात. "मी आता रिटायर" हे कारण चालणार नाही. गुडघ्यांचं माहीत आहे, म्हणून बैठक तळमजल्यावर ठेवलीय.

तुमची,
नेटवर्कची समन्वयक