हिरव्या जाळीच्या आत काय चालते?

महोदय,

नागपुरात धुळीचा विषय निघाला की तो हिरव्या जाळीवर येऊन थांबतो. बांधकामाला जाळी बांधली, समोरच्या रस्त्यावर टँकरने पाणी मारले, की सगळे निश्चिंत. रस्त्यावरच्यांसाठी जाळी ठीकच आहे. पण आत स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट कापत बसलेल्या मिस्त्रीला तिचा काहीच उपयोग नाही. उलट वारा अडतो आणि धूळ त्याच्याच भोवती घोटाळत राहते.

या धुळीत घातक असते ती स्फटिक सिलिका. ग्रॅनाइटमध्ये ती साधारण 10 ते 45 टक्के असते, संगमरवरात अगदी कमी. हल्ली ओट्यांसाठी मागणी असलेल्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये ती 90 टक्क्यांच्याही वर जाऊ शकते; ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या दगडावर बंदीच घातली. फुप्फुसात खोलवर जातात ते चार-पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले कण, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. ढग खाली बसला तरी एक-दोन मायक्रॉनचे कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत असतात, त्यामुळे जेवायला तिथेच बसणारा बिगारीही सुटत नाही. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा आहे घनमीटर हवेत 0.05 मिलिग्रॅम सिलिका. कामगार पाळीत सुमारे 10 घनमीटर हवा आत घेतो असे धरले, तर दिवसाची सिलिका भरते अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे आठ-दहा कण!

उपाय पाणीच, पण ते नेमके कुठे पडते यावर सगळे आहे. आपल्याकडे झाकणाला भोक पाडलेली बाटली घेऊन हेल्पर शेजारी बसतो आणि पिचकारी मारतो. पाणी दगडावर पडते, ब्लेड दगडाला भिडते तिथे पडत नाही; बाटली ऐन कापात संपते; आणि हेल्परचे तोंड ब्लेडपासून हातभर अंतरावर असते. त्यापेक्षा पाण्याची जोडणी असलेला कटर घ्यावा. 20 लिटरचा कॅन उंचावर ठेवून तोटीची नळी कटरला जोडली, तर मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी ब्लेडवर पडायला हवे. तपासणी सोपी आहे: लिटरची बाटली नळीखाली धरा, दोन मिनिटांत भरली नाही तर नळी तुंबली आहे किंवा कॅन पुरेसा उंच ठेवलेला नाही. या हिशेबाने एक कॅन 40 मिनिटे पुरतो, तेव्हा दुसरा भरून तयार ठेवावा.

कोरड्या कामाच्या साध्या ग्राइंडरवर मात्र पाणी सोडू नये. ओल्या कामासाठीच बनवलेले यंत्र, 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि जमिनीपासून वर टांगलेली, बिनजोडाची वायर, एवढे नसेल तर धूळ टाळायला गेलेला माणूस शॉकने जाईल. कापताना साचलेला चिखल ओला असतानाच खरवडून पोत्यात भरावा. मे महिन्यात तो तासाभरात वाळतो, मग झाडू फिरला की सगळी मेहनत पुन्हा हवेत.

वायरिंगसाठी भिंतीत झिरी मारताना पाणी चालत नाही. तिथे ब्लेडभोवती आवरण आणि त्याला जोडलेला, अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा औद्योगिक व्हॅक्यूम हवा. घरगुती व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत खोलीत सोडतो. ओढ कमी झाली की फिल्टर भिंतीवर आपटून साफ करायची सवय तर त्याहून वाईट.

कूलरचेही सांगायला हवे. उन्हाळ्यात तो कामगाराच्या पाठीमागे लावतात, पण पाठीवरून आलेला वारा छातीसमोर भोवरा करतो आणि धूळ तोंडाकडेच ओढतो. कूलर बाजूला असावा आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी, तिकडे दुसरे कोणी काम करत नाही हे पाहून.

मास्क सगळ्यात शेवटी. दुपट्टा बांधल्याने बारीक कण अडत नाहीत. आयएस 9473 या भारतीय मानकाचा एफएफपी2 दर्जाचा मास्क, दोन्ही पट्टे लावून, दाढी नसलेल्या चेहऱ्यावर नीट बसला तरच काम देतो. 45 अंशांत तो घामाने भिजतो, श्वास जड होतो आणि माणूस तो गळ्यात उतरवतो. त्याला बेफिकीर म्हणण्याआधी ठेकेदाराने कापण्याचे काम सकाळी उरकता येते का ते पाहावे.

सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) झालेल्याला क्षयाचा धोका वाढतो, शिवाय एक्स-रेवर दोन्ही सारखे दिसू शकतात. म्हणून मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत खोकल्याच्या रुग्णाला ‘काम काय करता, किती वर्षांपासून?’ हे विचारून कागदावर लिहिले पाहिजे. पुढे नुकसानभरपाई मागायची तर हीच नोंद कामी येते. खाणकामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था याच शहरात होती, 2019 मध्ये ती अहमदाबादच्या व्यवसायजन्य आरोग्य संस्थेत विलीन झाली. खाणीतल्या माणसाची ठरावीक काळाने तपासणी होते, ओटे कापणाऱ्याची होत नाही.

महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने निविदेच्या दरपत्रकात ओला कटर, व्हॅक्यूम आणि मास्क यांची वेगळी ओळ द्यावी. ती नसली की कमी दर भरणारा ठेकेदार पहिली काटकसर इथेच करतो. आणि साइटवर काँक्रीटच्या क्यूब टेस्टची (मजबुतीच्या चाचणीची) वही ठेवणाऱ्या अभियंत्याने त्याच वहीत रोज सकाळी बाटली किती वेळात भरली तेही लिहावे.

– औद्योगिक सुरक्षा क्षेत्रातील काही अभियंते, हिंगणा मार्ग, नागपूर