व्यापारी संघटनेचे काम हंगामानंतरही

महोदय,

पर्यटनावर जगणाऱ्या डोंगरातल्या गावांमध्ये व्यापारी संघटना बहुतेक वेळा हंगामापुरतीच जागी असते. कर वाढला की निवेदन, सणाला रोषणाई, मग सारे थंड. खरे तर तिची गरज त्या थंड महिन्यांतच जास्त असते. हॉटेल, टॅक्सी, गाइड, दुकानदार हे सगळे एकाच घाटरस्त्यावर आणि त्याच मर्यादित पाण्यावर तगून असतात. दरड कोसळून रस्ता बंद झाला, की कोणाचाच गल्ला भरत नाही. पण कचऱ्याची विल्हेवाट किंवा हंगामी कामगारांची घरे हे प्रश्न एकट्या दुकानदाराच्या आवाक्यातले नसतात.

त्यासाठी लागणारा पैसा ऐच्छिक वर्गणीतून क्वचितच उभा राहतो, कारण न देणाऱ्यालाही फायदा मिळतोच. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये १९७० साली हद्दीतल्या सर्व व्यवसायांना आकारणी बंधनकारक करून हा पेच सोडवला गेला. नंतर ही पद्धत अनेक देशांत गेली.

गाड्यांवर बंधन आले तर धंदा बुडेल, या भीतीने अनेक संघटना विरोध करतात. स्वित्झर्लंडच्या झरमॅटमध्ये पर्यटक खाली टॅश गावी गाडी ठेवून रेल्वेने वर जातात, आणि तरीही तिथे गर्दी असते.

एक कळकळीची विनंती: संघटनेच्या बैठकीत मोठ्या हॉटेलमालकांइतकीच जागा घरगुती निवास चालवणाऱ्या बायकांना आणि ओझी वाहणाऱ्यांनाही द्या. पाणी आटल्याचे त्यांना आधी कळते.

– एक वाचक