घराचा इसारा घेऊ नका

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, बेळगावातलं शहापूरचं घर विकून माझ्याकडे पुण्याला यायचं म्हणालात, तेव्हापासून माझ्या डोक्यात हिशेबच चालू आहे. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

माझ्या दोन खोल्यांचं भाडं २४,००० रुपये. त्यावर सोसायटीचा मेंटेनन्स, आणि उन्हाळ्यात टँकरची वर्गणी वेगळी. आपल्या परसातल्या विहिरीला कधी पैसे मोजलेत? तुमचं विजेचं बिल २०२३ पासून शून्य येतं, कारण २०० युनिटांच्या आतल्या घरांना सरकारची गृहज्योती योजना आहे. ती कर्नाटकातच राहणार. आई आधार कार्ड दाखवून सरकारी बसने खानापूरला माहेरी फुकट जाते, मनात आलं की जाते. इथे एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे खरं, पण कोथरूडहून स्वारगेटला जायचं तरी तिला कुणाची तरी सोबत लागेल. पैशांपेक्षा मला त्याचीच काळजी वाटते.

तुमचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. जन्मभर कचेरीत कानडी कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊन सही केली, म्हातारपणी तरी मराठीत अर्ज भरू दे, म्हणालात. इथे पहिल्यांदा मराठी फॉर्म हातात आला तेव्हा माझेही डोळे भरले होते. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची ती १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी, तिच्यात तुमचं बोट धरून चालले आहे मी. पण बाबा, कचेरीत जायचं वर्षातून दोनदा. रोजचं काय? माझ्या मजल्यावर चार दारं आहेत, सहा वर्षांत एकाच घरातल्यांची नावं कळली. आपल्या गल्लीत आई सकाळी सडा घालायला दिसली नाही, तर नऊच्या आत कुणीतरी "काय करुलालीस गे?" म्हणत आत येतं. मागच्या पावसात तुम्हाला चक्कर आली, तेव्हा मी बस धरायच्या आधीच शेजाऱ्यांनी तुम्हाला दवाखान्यात दाखवून घरी आणलं होतं.

तरी एवढं अंतर मला सोसत नाही. म्हणून महिन्यातले दहा दिवस घरून काम करायची परवानगी मागितली होती, ती परवा मिळाली.

गणपतीला येते, तेव्हा बसून बोलू. तोवर घर घ्यायला आलेल्या त्या माणसाकडून इसाऱ्याचे पैसे घेऊ नका, आणि माडीवरच्या खोलीतली भाताची पोती तेवढी खाली काढून ठेवा. मला तिथे टेबल लावायचं आहे.

तुमची लेक