सूचना : निकालाच्या दिवशी आघाडीचे आकडे जपून वाचा

सर्व सभासदांना नमस्कार. लोकसभेची लढत अटीतटीची असली की मतमोजणीच्या सकाळी गटावर आघाडीच्या आकड्यांचा पाऊस पडतो आणि सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. म्हणून थोडं आधीच.

सकाळी ८ वाजता आधी टपाली मतं मोजायला घेतात, यंत्रांची मोजणी अर्ध्या तासाने सुरू होते. पहिल्या तासातल्या आघाडीला फारसा अर्थ नसतो, ती इथे टाकू नये.

एका विधानसभा विभागासाठी साधारण १४ टेबलं. एका फेरीत प्रत्येक टेबलावर एका मतदान केंद्राची मतं मोजतात, म्हणून ३०० मतदान केंद्रं असतील तर २२ फेऱ्या. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात असे ६ विभाग, आणि सगळ्यांचा वेग सारखा नसतो. एखादा विभाग १५व्या फेरीत, दुसरा ९व्याच. त्यामुळे नुसती आघाडी सांगू नका. कोणत्या विभागाच्या किती फेऱ्या राहिल्या तेही लिहा. राहिलेला भाग कोणाचा बालेकिल्ला, यावर चित्र पालटतं.

फेऱ्या संपल्या तरी निकाल लगेच येत नाही. प्रत्येक विभागातल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कोणाला गेलं ते दाखवणाऱ्या, यंत्राशेजारी छापल्या जाणाऱ्या) हाताने मोजतात. एखाद्या यंत्राचा आकडा दिसेना, तर ते बाजूला ठेवतात आणि गरज पडली तर त्याच्याही चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. उशीर दिसला की ‘घोळ झाला’ असं कृपया पसरवू नका, घरची वडीलधारी माणसं हे वाचून घाबरतात.

फेरमोजणीचा अर्ज निकाल जाहीर होण्याआधीच, लेखी आणि कारणासह द्यावा लागतो. मतं समसमान पडली तर चिठ्ठी टाकून निर्णय होतो.

आकडा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचाच, वेळ लिहून टाकावा. बहुमताला ५४३ पैकी २७२ जागा लागतात.