पुणे रेसकोर्सवर घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसकाकांना

काका,
सा. न. वि. वि.

तुमची कुमेत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी खुशाल आहे, हे आधी सांगते. चंदी खाऊन झाली आणि आता मागचा एक पाय सैल सोडून उभ्या उभ्या डुलक्या काढते आहे.

गेल्या पावसाळ्यात शर्यती सोडून ती भोरला आली, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी तिला परत द्यायला निघाले होते. खोगिराचा पोटपट्टा, म्हणजे तंग, आवळायला गेलं की कान मागे आणि दात बाहेर. रिकिबीत पाय ठेवला की चालायलाच लागायची. दुसऱ्याच दिवशी मी आपटले. लगाम ओढावा तर आणखी सुसाट. जो तो म्हणे, रेसची घोडी, डोकं फिरलेलंच असणार. तुम्हाला फोन केला, आणि सुट्टीच्या दिवशी तुम्ही एसटीनं आलात.

तुम्ही तिच्यावर बसलाच नाहीत. दीड तास नुसता खरारा करत होतात आणि बोलत होतात. जॉकीला चालत्या घोड्यावरच पाय धरून चढवतात, मग उभं राहायचं हिला कोण शिकवणार? जॉकी लगाम आखडून धरतो, त्याच आधारावर घोडा रेलून पळतो, म्हणून ओढू नका, सैल सोडा. पुणे असो की मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, शर्यत उजव्या हातालाच वळते, तेव्हा डावीकडे ही अडणारच. "हट्टी नाही ताई, शिकवलं तेच करते."

मग तिचा स्वभाव सांगितलात, घरातल्या लेकीचा सांगावा तसा. पहाटेच्या ट्रॅकवर पुढे दुसरा घोडा असल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. स्टार्टिंग गेटमध्ये मात्र दगडासारखी उभी. शर्यतीच्या आदल्या रात्री चंदीला तोंड लावायची नाही, आणि तुम्ही ठाणाबाहेर बसून राहायचात. शेजारच्या ठाणातला घोडा कंटाळून दिवसभर जागच्या जागी डावीउजवीकडे झुलायचा, ही कधी झुलली नाही. हिला फक्त एकटेपण सोसत नाही. हे तुमच्याशिवाय कोणत्या कागदावर लिहिलेलं होतं?

दुसऱ्याच आठवड्यात मी एक म्हातारं तट्टू आणून शेजारी बांधलं. रात्रभर येरझाऱ्या घालायची, त्या तीन दिवसांत थांबल्या. तंग आता एका दमात आवळत नाही. एक भोक, चार पावलं चालवायचं, मग दुसरं भोक. कान अजून मागे जातात, पण अर्धेच. डावं वळण सहा महिन्यांनी सुटलं. त्या दिवशी गोठ्यात जाऊन मी रडले, काका.

शर्यतीनंतर तपासणीसाठी लघवीचा नमुना द्यायचा असला की तिनं लघवी करावी म्हणून तुम्ही जी शीळ घालायचात, तीही शिकवून गेलात. मी घालते तेव्हा ती आधी फाटकाकडे बघते. तुम्ही आलात का, ते बघते.

पुण्याचा हंगाम संपून घोडे मुंबईला हलायच्या आत दसऱ्याला याच. तिला हळदकुंकू तुमच्याच हातून लागू दे.

तुमची,
भोरची ताई