विल्यम स्टिल साहेब, तुमच्या त्या नोंदवहीबद्दल थँक्यू

मा. विल्यम स्टिल साहेब, फिलाडेल्फिया, यांस
सा. न. वि. वि.

तुम्हाला जाऊन सव्वाशे वर्षं होत आली, त्यामुळे पत्र पोचायचा प्रश्नच नाही. पण तुमचे आभार कुणीतरी मराठीत मानायला हवेत असं फार दिवस वाटत होतं म्हणून लिहितेय, आणि उघड लिहितेय कारण आमच्याकडे तुमचं नाव फारसं कुणी ऐकलेलंच नाही. लिंकन सगळ्यांना माहीत, ते हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून शाळेच्या भिंतीवर जे पत्र असायचं त्यामुळे (ते त्यांचं नाहीच म्हणतात, असो). स्वतः गुलामीतून पळून इतरांनाही सोडवून आणणारी हॅरिएट टबमन हल्ली रील्समध्ये दिसते. तुम्ही दिसत नाही, कारण तुम्ही पिस्तूल कमरेला लावून रात्रीच्या जंगलातून माणसं आणली नाहीत, तुम्ही टेबलाशी बसून, पळून आलेल्या माणसांचं लिहून घेतलंत. मी पण तालुक्याच्या ठिकाणी रेकॉर्डला बसते. कोतवाल बुकं, जुने फेरफार, वाळवी लागलेले गठ्ठे. लोकांना वाटतं रेकॉर्डवाल्याला काय काम, धूळ झटकायची आणि जेवायला जायचं. तेव्हा हे एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनाला लिहिलेलं पत्र समजा.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेत लाखो काळी माणसं मालकाची मिळकत म्हणून जगत होती, विकली जात होती, त्यातली जी पळायची त्यांना उत्तरेला आणि पुढे कॅनडात पोचवणारी जी छुपी साखळी होती तिला अंडरग्राउंड रेलरोड म्हणायचे. त्यात रूळ नव्हते आणि जमिनीखाली पण काही नव्हतं. स्टेशन म्हणजे कुणाचं तरी घर नाहीतर धान्याचं कोठार, कंडक्टर म्हणजे वाट दाखवणारा, आणि बहुतेकांना पुढचं एखादंच घर माहीत असायचं, म्हणजे पकडला गेला तरी सगळी साखळी सांगता येऊ नये. कॅनडात का तर १८३४ पासून ब्रिटिश राज्यात गुलामी कायद्याने बंद झाली होती. टेक्सासकडचे काही जण उलट खाली मेक्सिकोत जायचे. रजईवर खुणा शिवून रस्ता सांगायचे ही गोष्ट फार फॉरवर्ड होते पण त्या काळातला तसा पुरावा काही मिळत नाही, आणि दयाळू गोऱ्या माणसांनी सगळ्यांना सोडवलं हे चित्र पण अर्धंच आहे. बहुतेक जण मदत भेटायच्या आधीच निम्मी वाट स्वतःच्या पायांनी कापून आलेले असायचे आणि मदत करणाऱ्यांत स्वतंत्र काळी माणसं भरपूर होती. तुम्ही त्यातलेच.

१८४७ मध्ये तुम्ही पेनसिल्व्हानियाच्या गुलामगिरीविरोधी सोसायटीच्या ऑफिसात लागलात. आठवड्याला पावणेचार डॉलर, काम कारकुनाचं आणि झाडलोटीचं पण. (हे वाचून मी मोठ्याने हसले, कारण पोस्ट एक आणि कामं तीन हे आमच्याकडे आजही चालू आहे.) मग १८५० चा तो कायदा आला, पळालेल्याला मदत करणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. त्यात एक कलम असं की ज्या कमिशनरपुढे केस येईल त्याने माणसाला मालकाच्या ताब्यात दिलं तर फी दहा डॉलर आणि सोडून दिलं तर पाच. सरकारी कागद मी आयुष्यभर वाचत आलेय, पण इतका निर्लज्ज रेट कुठे वाचला नाही. आणि हे चालू असताना १८५२ च्या डिसेंबरात पळून आलेल्यांना मदत करणारी तुमची व्हिजिलन्स कमिटी नव्याने उभी राहिली, तिच्या रोजच्या कामाची जबाबदारी तुमच्याकडे आली, आणि तुम्ही वही घातलीत.

त्या वहीची पानं आता स्कॅन होऊन बघायला मिळतात. आलेल्या प्रत्येकाचं नाव, वय, उंची, रंग, कुठून आला, मालक कोण, तो कसा वागवायचा, मागे कोण कोण राहिलं, आणि नवीन नाव काय घेतलं. जेवणखाण, भाडं असले खर्च सुद्धा मांडलेत. जुनं नाव आणि नवीन नाव दोन्ही एकाच ठिकाणी, माझ्या दृष्टीने सगळी करामत इथे आहे, कारण पकडलं जाऊ नये म्हणून माणूस नाव बदलतो आणि मग त्याच्या सख्ख्या आईलाही तो कधी सापडत नाही.

१८५४ च्या ख्रिसमसचंच घ्या. हॅरिएट आपल्या भावांना न्यायला मेरीलँडमध्ये परत गेली होती. आईबापाच्या घराजवळ चाऱ्याच्या खोपटात सगळे लपले, आई सणाच्या जेवणाला पोरांची वाट बघत पुन्हा पुन्हा दारात येतेय आणि पोरं फटीतून तिला बघतायत, पण तिला सांगायचं नाही कारण ती ओरडून रडली असती आणि सगळं बाहेर पडलं असतं. बापाला माहीत होतं. तो खायला घेऊन आला आणि निरोप द्यायला डोळ्यांवर रुमाल बांधून थोडं अंतर त्यांच्याबरोबर चालला, का तर उद्या विचारलं तर पोरांना मी बघितलं नाही असं खरं सांगता यावं. हे तुमच्या वहीतलं नाही, तिच्या चरित्रात आहे. तुमच्याकडे आहे त्याच्या पुढचा भाग. साखळीतले विल्मिंग्टनचे थॉमस गॅरेट यांचं २९ डिसेंबरचं पत्र तुमच्या ऑफिसात मॅक्किम साहेबांच्या नावे आलं की हॅरिएट, सहा पुरुष आणि एक बाई अशी काल रात्री पुढे रवाना केली, हॅरिएटच्या आणि एका माणसाच्या पायातले बूट चालून चालून पार गेले होते म्हणून दोन डॉलर दिले आणि माझ्या खर्चाने गाडी करायला सांगितली. झालं, एवढंच पत्र. आणि तुमच्या नोंदीत ती माणसं एकेक करून नावावयासकट येतात, रॉस आडनावाचे तीन भाऊ, जे पुढे स्ट्युअर्ट झाले. हे लिहून ठेवलंत म्हणून आज खात्रीने सांगता येतं. नाहीतर ते बूट पण दंतकथेतच गेले असते.

तुमच्याकडची बाकीची पत्रं पण काय भारी आहेत! हॅरिसबर्गहून बस्टिल नावाचे गृहस्थ १८५६ मध्ये लिहितात की रेडिंगच्या मार्गाने पाठवलेली पाच मोठी आणि तीन लहान पार्सलं पोचली असतील. मोठी म्हणजे पुरुष आणि बाया, लहान म्हणजे पोरं. आणि एक माणूस तर खरंच पार्सल होऊन आला. १८४९ च्या मार्चमध्ये रिचमंडहून हेन्री ब्राउन, तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट आठ इंच खोल खोक्यात, सोबत थोडं पाणी आणि बिस्किटं, सत्तावीस तास, त्यातला काही वेळ डोकं खाली पाय वर. त्याची बायको आणि पोरं आधीच्या वर्षी विकली गेली होती, त्यामुळे मागे थांबायला त्याला काही उरलंच नव्हतं. खोकं उघडलं तेव्हा तुम्ही तिथे हजर होतात, आणि तो उठून पहिलं काय म्हणाला तर, काय मंडळी, कसे आहात! मला मात्र आठवण त्या सॅम्युअल स्मिथ चांभाराची जास्त येते ज्याने खोकं बंद करून कुरिअरला दिलं. त्याने पुढे आणखी दोन खोकी पाठवायचा प्रयत्न केला, पकडला गेला आणि तुरुंगात पडला. खोक्यातल्या माणसाचं नाव झालं, खिळे ठोकणाऱ्याचं कुणी काढत नाही.

पण तुमची वही ज्यामुळे एवढी नीट लागली ती घटना वहीच्या आधीची, १८५० च्या ऑगस्टमधली. तुमच्या आईची गोष्ट आधी सांगायला हवी. त्या मेरीलँडमधून दोनदा पळाल्या. पहिल्यांदा चार लेकरं घेऊन, तेव्हा पकडून परत नेलं. दुसऱ्यांदा चारही नेणं शक्यच नव्हतं म्हणून दोन मुली घेतल्या आणि झोपलेल्या दोन मुलांचा मुका घेऊन त्यांना आजीपाशी सोडून गेल्या. मालकाने ती मुलं दक्षिणेत विकली. इकडे न्यू जर्सीत आईने सिडनीचं चॅरिटी असं नाव बदलून संसार परत उभा केला, तुम्ही अठरा भावंडांतले शेंडेफळ. आणि मग त्या दिवशी तुम्ही ऑफिसात टपालाचं काम करताय आणि एक पन्नाशीचा माणूस येऊन सांगतो की मी अलाबामातून आलोय, पाचशे डॉलर देऊन स्वतःला सोडवलंय, लहानपणी आईपासून तुटलो, आईबापाची नावं लेव्हिन आणि सिडनी, इथल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये नोटीस वाचून दाखवली तर जुन्यांपैकी कुणाला आठवेल का. तुम्ही ऐकताय, हात थांबलेत, आणि तरी लगेच काही बोलला नाहीत, आधी प्रश्न विचारलेत, सगळं जुळतंय का ते बघितलंत. (रेकॉर्डवाल्याचा स्वभाव! समोर सख्खा भाऊ बसलाय आणि हे पडताळणी करतायत.) मग सांगितलंत की मी तुझा भाऊ. पीटरला ते खरंच वाटेना, त्याला भीती की हा काहीतरी फसवायचा डाव आहे, आणि इतकी वर्षं जो विकला जात राहिला त्याने दुसरं काय समजावं. दुसरा भाऊ, वडिलांच्याच नावाचा लेव्हिन, तो तिकडे मारहाणीने मेला होता. पीटर मात्र चाळीसहून जास्त वर्षांनी म्हाताऱ्या आईसमोर जाऊन उभा राहिला.

गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. पीटरची बायको व्हायना आणि मुलं अलाबामातच होती, त्यांना आणायला सेथ काँकलिन नावाचा गोरा माणूस आपणहून गेला, त्यांना इंडियानापर्यंत घेऊन पण आला, तिथे सगळे पकडले गेले, कुटुंब परत मालकाकडे आणि काँकलिन नदीत मेलेला सापडला, अंगावर बेड्या तशाच. मग मालकाने पाच हजार डॉलर मागितले आणि पीटर गावोगावी आपली कहाणी सांगत पैसे जमवत फिरला, १८५४ च्या अखेरीस बायकामुलं सुटली. पाच हजार डॉलर, आणि तुमचा पगार पावणेचार डॉलर आठवडा, हिशेब करून बघा किती वर्षं होतात. तुम्ही स्वतः लिहून ठेवलंय की पीटर सापडल्यावर तुम्हाला हे पक्कं पटलं, की सगळ्यांची नीट नोंद ठेवली तर ताटातूट झालेली अशी किती माणसं एकमेकांना सापडतील.

हे मला इतकं कळतं, साहेब. आमच्याकडे लोक पणजोबाचं नाव शोधत येतात, कुणबी नोंदी निघायला लागल्यापासून तर रांगाच, आणि शंभर वर्षांपूर्वी कुठल्यातरी कोतवालाने मोडीत एक ओळ खरडून ठेवलेली असते त्यावर आज एका पोराची अ‍ॅडमिशन अडलेली असते. ओळ सापडली की लोक आधी कागदाला हात लावतात, मग नमस्कार मला करतात, जो खरं म्हणजे त्या कोतवालाचा आहे. फरक इतकाच की त्याची वही कुणी जाळायला बसलं नव्हतं. तुमची सापडली असती तर तुम्ही तुरुंगात आणि त्यातले लोक परत बेडीत. १८५९ मध्ये गुलामी मोडायला निघालेल्या जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला, त्यानंतर धरपकड सुरू झाली, मदत करणाऱ्या किती जणांनी आपले कागद जाळून टाकले आणि त्यांना दोष देता येत नाही. तुम्ही जाळले नाहीत. लेबनन कब्रस्तानात लपवून ठेवलेत म्हणतात.

फक्त लिहीतच बसलात असंही नाही. १८५५ च्या जुलैत डेलावेअर नदीवरच्या बोटीवर चढून, मालक शेजारी बसलेला असताना, जेन जॉन्सनला तोंडावर सांगितलंत की बाई, या राज्यात तू स्वतंत्र आहेस, उठून चल. ती दोन मुलं घेऊन उठली. तुमच्यावर खटला झाला आणि तिने जिवावर उदार होऊन कोर्टात येऊन सांगितलं की मी माझ्या मर्जीने आले. तुम्ही सुटलात. तुमचे सोबती विल्यमसन यांनी मात्र जवळजवळ शंभर दिवस कोठडीत काढले.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामी संपली आणि १८७२ मध्ये तुम्ही ते सगळं आठशेच्या आसपास पानांच्या पुस्तकात छापलंत. त्यात पळून आलेली माणसं पुढे आहेत, हे मला सगळ्यात आवडलं, मदत करणाऱ्यांची कौतुकं मागे. थोडी कुरकुर पण आहे हां, हा दिसायला चांगला, तो चलाख, ही साधारण, असे शेरे मारायची तुम्हाला सवय, कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट लिहिणाऱ्या साहेबासारखी. पण तेही ठीकच, कारण नातेवाइकाला ओळख पटायला तेच उपयोगी.

आणि पुढच्याच वर्षी, १८७३ ला, आमच्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' काढली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करायच्या कामी औदार्य आणि निरपेक्षता दाखवली. तुमचं नाव त्यात नाही. पण ज्यांना ते पुस्तक अर्पण आहे त्यात तुम्ही बसता हे मी माझ्या अधिकारात नोंदवून घेतेय. म्हणजे मराठीतून तुमच्या लोकांचे आभार मानायचं काम आधीच झालंय, माझं हे पत्र म्हणजे नुसतं स्मरणपत्र.

तर थँक्यू साहेब. वहीबद्दल, ती न जाळल्याबद्दल, आणि नवीन नावासमोर जुनं नाव लिहिल्याबद्दल.

आपली,
रेकॉर्डवाली

ता. क. तुमच्या पत्नी लेटिशाबाईंना नमस्कार सांगा. शिवणकाम करून घर चालवायचं आणि रात्री-अपरात्री तुम्ही आणाल त्या चिखलाने माखलेल्या, उपाशी, घाबरलेल्या माणसांना जेवू घालून झोपायला जागा करून द्यायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. ते घर साउथ डेल्ही स्ट्रीटवर अजून उभं आहे आणि आता शहराच्या वारसा यादीत आहे. तुमची लेक कॅरोलिन पुढे डॉक्टर झाली. एवढ्या जाड पुस्तकात तुम्ही सगळ्यांची उंची, रंग, स्वभाव लिहिलात आणि बायकोबद्दल मात्र हात आखडता घेतलात. वहीत एक पान त्यांच्या नावाने हवं होतं.