तिकिटं काढली आहेत

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा, चिडू नका, तिकिटं काढली आहेत. विचारलं असतं तर "पुढच्या वर्षी बघू" झालं असतं, आणि चार वर्षं आपलं पुढचं वर्षच चाललंय. २६ मार्चला निघायचं. साधारण तेव्हाच टोकियोत साकुरा, म्हणजे चेरीची झाडं, फुलतात. डॉक्टरांशी दादा बोललाय, व्हीलचेअर सांगून ठेवलीय. पैशांचं विचारू नका.

आई, टोकियोच्या निशी-कासाई भागात तूरडाळ, हिंग सगळं मिळतं. तुझ्या गुडघ्यांसाठी पलंग घेतलाय. कमोडची सीट गरम असते आणि पाण्याचा फवारा असतो, म्हणजे तुझी ती मोठी काळजी मिटली. चपला दारात काढायच्या हे तुला कोण शिकवणार! पण काही ठिकाणी संडासाच्या सपाता वेगळ्या असतात, त्या तिथेच सोडायच्या. मी एकदा त्या घालून थेट जेवायच्या खोलीत गेले होते.

रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारसे दिसत नाहीत. १९९५ साली मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून बरेच काढून टाकले. तुझ्या पर्समधली ती प्लास्टिकची पिशवी, जिला आम्ही हसायचो, ती आठवणीने आण.

बाबा, सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं. टॅक्सीचं दार ड्रायव्हरच उघडतो, हात लावू नका. टीप अजिबात नाही, विसरले समजून पैसे परत द्यायला मागे धावत येतील.

आणि ट्रेनमध्ये फोन. अंगणातून तुमची "चिमे" अशी हाक आली की मी कोपऱ्यावरून पळत यायचे, तो आवाज मला हवाच आहे. फक्त डब्यात नको. इथे डब्यात फोनवर कुणीच बोलत नाही.

तुमच्या अँजिओप्लास्टीच्या दिवशी दादाचा फोन आला तेव्हा मी मेट्रोच्या तोझाई लाइनवर होते. गाडी अराकावा नदीच्या पुलावर, फोन हातात थरथरतोय, आणि शेजारी एक आजोबा डोळे मिटून बसलेले. मी उचलला नाही. मिनामी-सुनामाचीला उतरून लावला. तुम्ही नंतर विचारलंत तेव्हा मीटिंग होती म्हणाले. मीटिंग नव्हती, बाबा.

गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. मोजे फाटके आणू नका, सारखे बूट काढावे लागतात. आई, चकल्या आणशील ना? घरी आल्यावरच डबा उघडायचा, ट्रेनमध्ये नाही.

तुमची,
चिमी